सीडीआर उघडली, पण वेक्टर राहिली का?

सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली फाईल, फोटोशॉपमध्ये उघडत नाही. कुठलंही सेटिंग बदलून, नवीन व्हर्जन टाकून, एक्स्टेन्शन बदलून उघडत नाही. हे आधी मान्य करा, म्हणजे पहिल्या नोकरीतल्या बऱ्याच रात्री वाचतील. मी प्रेसमध्ये लागले तेव्हा क्लासमधून फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर नीट शिकून आले होते. समोर आल्या त्या सगळ्या सीडीआर. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, पतसंस्थेचं पासबुक, दूध डेअरीचं पाकीट, सगळं सीडीआरमध्ये. आपल्याकडचा फ्लेक्स, पत्रिका आणि रेडियमचा धंदा कोरलड्रॉवर उभा आहे आणि क्लासवाले हे सांगत नाहीत, याचा मला अजूनही राग येतो.

कारण साधं आहे. सीडीआर हा कोरल कंपनीचा स्वतःचा, बंदिस्त फॉरमॅट. कॅनडातल्या ओटावाच्या या कंपनीने १९८९ मध्ये कोरलड्रॉ आणलं. ॲडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ चं, फोटोशॉप १९९० चं. दोघं पहिल्यापासून स्पर्धक. 'इलस्ट्रेटरमध्ये सीडीआर उघडते' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे: इलस्ट्रेटर सीडीआर वाचतं, पण ५ ते १० या जुन्या व्हर्जनच्याच. तुमच्या हातात येणारी फाईल १० नंतरच्या व्हर्जनची, म्हणजे एक्स३, एक्स७ किंवा त्याहून नवी असते. आणि कोरलसुद्धा स्वतःच्या नव्या फाईली जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. त्यासाठी फाईल पाठवणाऱ्याला 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन खालचं व्हर्जन निवडावं लागतं. ही विनंती करायला लाजू नका, प्रेसमध्ये ती दिवसातून कितीदा तरी होते.

कोरल नसेल तर फुकटात सीडीआर बघायची सोय आहे. लिबरऑफिस ड्रॉ २०१२ पासून सीडीआर उघडतं, इंकस्केपही उघडतं. दोन्हींमागे एकच लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, लिबसीडीआर नावाची, जी लोकांनी फॉरमॅटची आतली रचना स्वतः शोधून काढून लिहिली. हे काम मला फार मोठं वाटतं. आकार, रेषा, साधे रंग बरेचसे नीट येतात. पॉवरक्लिप (आकाराच्या आत बसवलेलं चित्र), मेश फिल (जाळीने भरलेला रंग), ट्रान्सपरन्सी, सावल्या यांचा मात्र भरवसा नाही. काम काय आहे ते बघायला, भाव सांगायला, एखादा लोगो सुटा करायला हे पुरेसं आहे. तशी उघडलेली फाईल थेट छपाईला पाठवू नका.

आता मूळ मुद्दा. माझं डोकं ज्यात अडकलं तो हा सापळा, आणि दर वर्षी नवीन मुलं यातच अडकताना बघते, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

सगळे विचारतात, 'फाईल कशात उघडेल?' विचारायचं असतं ते वेगळंच: 'उघडल्यावर ती वेक्टर राहिली का?' वेक्टर म्हणजे रेषा आणि आकारांनी बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फुटणारं चित्र. फोटो म्हणजे पिक्सेलच्या ठिपक्यांचं. एका संस्थेचं बोधचिन्ह सीडीआरमध्ये आलं होतं. ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकलं, एसव्हीजी मिळाली, म्हणजे वेक्टरसाठी वापरतात ती फाईल. इंकस्केपमध्ये लगेच उघडली, रंग बरोबर, आकार बरोबर, मी निश्चिंत. फाईल रेडियमवाल्याकडे गेली आणि त्याच्या कटिंग प्लॉटरला (रेषेवरून ब्लेड चालवणाऱ्या मशीनला) कापायला एकही रेषा सापडेना. कारण त्या एसव्हीजीत रेषा नव्हत्याच. कन्व्हर्टरने सीडीआरचं चित्र काढून पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचा फोटो, बनवली होती आणि ती पीएनजी एसव्हीजीच्या पोटात ठेवून दिली होती. पाकीट वेक्टरचं होतं, आत फोटो होता.

हे नीट समजून घ्या. एसव्हीजी, ईपीएस, पीडीएफ, एआय (इलस्ट्रेटरची फाईल) हे चारही फॉरमॅट आत वेक्टरही ठेवू शकतात आणि फोटोही. एक्स्टेन्शन बघून काहीच कळत नाही. फाईल 'व्यवस्थित' दिसली यावरूनही कळत नाही, कारण स्क्रीनवर शंभर टक्क्यांना बघताना बरी पीएनजी आणि खरं वेक्टर यांत डोळ्याला फरक दिसतच नाही. म्हणून दर फाईलला, अगदी ओळखीच्या माणसाने पाठवली तरी, तपासणी करायची. कोरलमध्ये व्ह्यू मेनूत वायरफ्रेम, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+वाय, इंकस्केपमध्ये डिस्प्ले मोडमध्ये आउटलाइन. वेक्टर असेल तर अक्षरांच्या आणि आकारांच्या बारीक रेषा दिसतील. फोटो असेल तर नुसता एक रिकामा चौकोन, किंवा चौकोनात तेच चित्र जसंच्या तसं.

एसव्हीजीसाठी आणखी एक पक्की तपासणी आहे: फाईल नोटपॅडमध्ये उघडा. एसव्हीजी ही मुळात मजकुराची फाईल असते. खऱ्या वेक्टरमध्ये 'पाथ' हा शब्द पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याच्यापुढे आकड्यांच्या जोड्या. बनावट फाईलमध्ये वर दोन-चार ओळी, मग 'इमेज' हा शब्द, 'बेस६४' असं काहीतरी आणि त्यानंतर अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची न संपणारी रांग. ती रांग दिसली की फाईल परत पाठवा. पीडीएफ असेल तर रीडरमध्ये झूम वाढवत न्या. कडा शेवटपर्यंत धारदार राहिली तर वेक्टर, पायऱ्या दिसायला लागल्या तर फोटो.

हाच सापळा फोटोशॉपमध्ये दुसऱ्या रूपात येतो. तिथे पीडीएफ, ईपीएस किंवा एआय उघडली की एक खिडकी येते आणि रिझोल्यूशन, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, ते विचारते. घाईत 'ओके' दाबलं की त्या क्षणी वेक्टर संपलं, पुढे फक्त पिक्सेल. साडेतीन बाय दोन इंचाचं व्हिजिटिंग कार्ड ३०० ला उघडलं तर १०५० बाय ६०० पिक्सेल मिळतात. तेच ७२ ला उघडलं तर २५२ बाय १४४. स्क्रीनवर दोन्ही गोड दिसतील. छापल्यावर ७२ वाल्यातला मोबाईल नंबर वाचता येणार नाही. फ्लेक्सच्या दुकानात शिकलेला कुणी '७२ चालतं' म्हणेल. लांबून बघायच्या मोठ्या फ्लेक्सला चालतं, कार्डाला चालत नाही. फोटोशॉपमध्ये घ्यायचंच असेल तर फाईल उघडू नका, 'प्लेस एम्बेडेड' करा. मग ती स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून येते आणि लहान-मोठी करताना फुटत नाही. पण तीच पीएसडी (फोटोशॉपची फाईल) रेडियमला किंवा लेझर कटिंगला देऊ नका, तिथे तिचा उपयोग नाही.

एआय फाईलबद्दल घाबरू नका. २००० मधल्या इलस्ट्रेटर ९ पासून एआयच्या आत पीडीएफ असते, त्यामुळे ती इंकस्केपमध्ये, कधी कधी साध्या पीडीएफ रीडरमध्येही उघडते. मात्र सेव्ह करताना 'क्रिएट पीडीएफ कंपॅटिबल फाईल'ची खूण काढलेली असेल, तर चित्राऐवजी 'ही फाईल पीडीएफ मजकुराशिवाय सेव्ह केली आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पानभर दिसतो. फाईल बिघडलेली नाही. पाठवणाऱ्याला ती खूण लावून परत सेव्ह करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. एआयचं एक्स्टेन्शन पीडीएफ करून उघडायची युक्ती काही जण करतात, तशी सीडीआरला मात्र लावू नका. एक्स४ पासूनची सीडीआर ही आतून झिप असते, त्यामुळे झिप म्हणून उघडली की आत एक छोटं चित्र सापडतं. ती फक्त झलक असते. तीच मोठी करून छापायला दिलेली मी पाहिली आहे. असं कधीही करू नका.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. जुन्या सीडीआरमधलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या ठरलेल्या अक्षर-पद्धतीत, नसतं. श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, असे त्या त्या काळातले फॉन्ट वापरलेले असतात. त्यात 'क'च्या जागी आत एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह बसलेलं असतं, फॉन्ट ते 'क' म्हणून दाखवतो. तुमच्याकडे तो फॉन्ट नसला की 'चि. सौ. कां.' च्या जागी परकी चिन्हं दिसतात. मजकूर गेलेला नाही, फक्त दिसत नाही. अशा वेळी ती फाईल सेव्ह न करता बंद करा आणि पाठवणाऱ्याकडून कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवलेली, प्रत मागा. कोरलमध्ये कंट्रोल+क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+शिफ्ट+ओ. कर्व्ह केलं की फॉन्टचं झंझट संपतं, पण मजकूर दुरुस्त करता येत नाही. म्हणून प्रूफ आधी वाचून घ्यायचं, ऱ्हस्व-दीर्घ, तिथी, मुहूर्ताची वेळ, सगळं. आणि दोन प्रती ठेवायच्या, एक कर्व्हची, एक चालू मजकुराची. चालू प्रत पुसून टाकणारा ऑपरेटर माझ्या लेखी ऑपरेटर नाही.

त्यातही देवनागरीची एक गोष्ट इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. आपली शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कर्व्ह केल्यावर जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तिथे कधी कधी पांढरी खिडकी पडते. छपाईत तो पांढरा ठिपका दिसतो, आणि रेडियममध्ये तर ब्लेड प्रत्येक अक्षराच्या सांध्याला आरपार कापतं, शिरोरेषेचे तुकडे सुटून येतात. त्यासाठी अक्षरं सुटी असतानाच जोडून एकसंध करायची: कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. 'कंबाइन' नव्हे. कंबाइननेच ती खिडकी पडते. मग वायरफ्रेममध्ये शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सलग जाते का ते बघा. मध्ये उभी रेघ दिसली तर काम अपुरं आहे.

काळ्या रंगाबद्दल थोडक्यात. एसव्हीजी आणि इंकस्केप मुळात आरजीबीवर, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांवर, चालतात. तिथून आलेला काळा रंग फोटोशॉपच्या नेहमीच्या स्वॉप प्रोफाइलने (रंग बदलायच्या ठरलेल्या सेटिंगने) सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, नेला की तो ७५, ६८, ६७, ९० असा चार शाईंचा होतो. ऑफसेटवर रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही शाई एकमेकांवर नेमक्या बसणं, केसभर हललं तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते. मजकूर शंभर टक्के काळ्या शाईतच हवा. छपाईच्या कामाला म्हणूनच मधला मुक्काम एसव्हीजीचा नको, थेट पीडीएफ घ्या. ईपीएसही चालते, पण तिला ट्रान्सपरन्सी कळत नाही, सावल्यांचे पांढरे डबे होऊ शकतात.

तर मागायचं काय? मी गिऱ्हाइकाला, किंवा त्याच्या जुन्या प्रेसवाल्याला, हा निरोप पाठवते: 'दादा, कोरलमधून मजकूर कर्व्ह करून पीडीएफ पाठवा, आणि मूळ सीडीआरही जोडा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.' बहुतेकदा एवढ्याने काम होतं. त्या पलीकडच्या माणसाशी आदराने बोला. वीस-वीस वर्षं कोरलवर बसलेले हे ऑपरेटर कुठल्याही कोर्सच्या सरांपेक्षा जास्त जाणतात, हे माझं ठाम मत आहे. मला वेल्ड आणि कंबाइनमधला फरक अशाच एका काकांनी शिकवला, चहा सांगून, शेजारी बसवून. 'सगळं फोटोशॉपमध्येच होतं' म्हणणारा गुरू मिळाला तर त्याच्याकडून फोटो सुधारायला शिका, लोगो नको.

आणि कुठलीही नवीन फाईल तुमच्या मशीनवर उघडली नाही म्हणून स्वतःला कच्चं समजू नका. यात तुमच्या बुद्धीचा संबंध नाही, दोन कंपन्यांच्या फॉरमॅटचा आहे. इंकस्केप फुकट आहे, आजच टाका, आणि घरातली एखादी जुनी पत्रिका मिळवून तिच्या फाईलवर वर लिहिलेल्या तपासण्या करून बघा. क्रॅक केलेल्या कोरलच्या नादी लागू नका. त्यातून येणारे व्हायरस प्रेसच्या मशीनवरच्या सगळ्या फाईली घेऊन जाऊ शकतात, आणि गिऱ्हाइकाला त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

राहिला शेवटचा प्रसंग: मूळ फाईल कुणाकडेच नाही, हातात फक्त मोबाईलवर आलेला धूसर लोगो. फोटोवरून आपोआप रेषा काढणारी कोरलचं पॉवरट्रेस, इलस्ट्रेटरचं इमेज ट्रेस, इंकस्केपचं ट्रेस बिटमॅप, तिन्ही करून बघा, पण देवनागरी अक्षरांना त्यांचा निकाल मला कधी पसंत पडलेला नाही. वेलांटीची वळणं चेपतात, अनुस्वार चौकोनी होतो. आकार पेन टूलने परत काढा, अक्षरांसाठी जवळचा फॉन्ट शोधून ती नव्याने बसवा. या कामाचे पैसे वेगळे सांगा, आणि काम सुरू करायच्या आधी सांगा. तयार झाल्यावर गिऱ्हाइकाला सीडीआर किंवा एआयसोबत कर्व्हची पीडीएफ आणि मोठी पीएनजीही द्या, म्हणजे पुढच्या प्रेसवाल्याला हाच लोगो पुन्हा काढावा लागणार नाही.