पहिल्या मोठ्या ड्रेसाज स्पर्धेआधी: टेस्ट पायांनी पाठ करा

ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याचा स्वारीचा प्रकार, आणि त्या हालचालींचा ठरलेला क्रम म्हणजे टेस्ट. ती पाठ करायची तुम्ही, घोड्याने नव्हे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच टेस्ट रोज घोड्यावर बसून केली, की घोडाही ती शिकतो. मग एक्सवर, म्हणजे रिंगणाच्या मध्यबिंदूवर, येताच तुमच्या इशाऱ्याआधीच तो थांबतो, ठरलेल्या कोपऱ्यात स्वतःहून कँटर (मध्यम दौड) धरतो, आणि गुण तिथेच जातात. म्हणून घोड्यावर टेस्टचा सराव तुकड्या-तुकड्यांनी करा, तोही क्रम बदलून.

अख्खी टेस्ट जमिनीवर चाला. रिंगणाच्या कडेला जशा अक्षरांच्या खुणा असतात, तशा खोलीत कागदाच्या चिठ्ठ्या ठेवा: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. चालताना हालचाल मोठ्याने म्हणा. वर्तुळांकडे विशेष लक्ष द्या, कारण नवखे स्वार तिथेच फसतात. २० बाय ४० मीटरच्या रिंगणात एपासून घेतलेलं २० मीटरचं वर्तुळ कोपऱ्यात शिरत नाही; दोन्ही लांब बाजूंना ते के आणि एफपासून मध्याकडे ४ मीटरवर टेकतं आणि ए ते सी ही मधली रेषा बरोबर एक्सवर ओलांडतं. हे चार बिंदू डोळ्यांत बसले की वर्तुळाचं अंडं होत नाही.

स्पर्धेचा पोशाख घालून आधी एकदा तरी स्वारी करा. नव्या कोटात खांदे आवळतात, हे आधी कळलेलं बरं. लगाम, खोगीर नियमात बसतं का, तेही तपासा.

घंटा वाजली की घाबरू नका. आत शिरायला साधारणपणे ४५ सेकंद असतात (आपल्या स्पर्धेचा नियम पाहून घ्या). तेवढ्यात शांतपणे एक वळण घेता येतं, आणि घोड्यालाही श्वास घेता येतो.