ढग बघायचे कसे

आधी पाठ टेकेल अशी जागा शोधा. उभ्यानं बघत राहिलात तर मान भरून येते, आणि ढगांना निदान अर्धा तास द्यायलाच हवा. सूर्य भिंतीआड किंवा झाडाआड राहू द्या. त्याच्याकडे थेट बघू नका.

आता एकच ढग धरा, छोटा, कापसासारखा, आणि त्याच्या कडेवर नजर ठेवा. मला सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. कड पिंजत जाते, तिच्यातून निळं दिसू लागतं, आणि बघता बघता तो तुकडा हवेत विरतो. तेवढ्यात दुसरीकडे नवा फुगवटा वर आलेला असतो. तळ मात्र सपाटच. वर चढणारी हवा ठरावीक उंचीवर पुरेशी गार होते, तिथेच बाष्पाचे थेंब बनतात. म्हणून शेजारच्या ढगांचे तळही साधारण एकाच पातळीत दिसतात.

नावं हळूहळू येतील. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकानं १८०२ साली सुचवलेली क्युम्युलस (कापसासारखा ढीग), स्ट्रेटस (सपाट थर), सिरस एवढी सुरुवातीला पुरेत. उंचावर तंतूंसारखा दिसणारा सिरस बर्फाच्या कणांचा असतो.

चंद्राभोवती मोठं खळं, म्हणजे उजेडाचं गोल कडं, दिसलं तर हात लांब करून पंजा ताणा. अंगठा चंद्रावर ठेवला की करंगळी साधारण कड्यापर्यंत पोचते, कारण ते अंतर २२ अंशांचं असतं. हे जरूर करून बघाच!

वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर लगेच घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुन्हा बाहेर या.