भिंत रंगवायचीय? आधी तळहात घासून बघा

संभाजीनगर, लातूर, नांदेड कुठंही असा, ग्राफिटी करायची तर आधी मालकाची लेखी परवानगी घ्या अन पालिकेलाही विचारा, 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे. मग भिंतीवर तळहात घासा. पांढरी पावडर लागली म्हणजे खाली चुना आहे, त्याच्यावर मारलेला रंग पापुद्रे धरून निघणारच, म्हणून तारेच्या ब्रशनं सगळं खरवडा, धुवा, नीट वाळू द्या अन मगच एक्स्टिरिअर प्रायमर, म्हणजे बाहेरच्या भिंतीला रंगाआधी देतात तो थर. इथं लई घाई करतात पोरं, नका करू.

चित्र मोठं करायला कागदावर चौकोन पाडा अन भिंतीवर त्याच हिशोबानं मोठे चौकोन. सुतळी निळीत बुडवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, मधनं ओढून सोडली की सरळ रेघ उठते, गवंडी असंच सूत मारतात. स्टेन्सिलला, म्हणजे चित्र कापून काढलेल्या साच्याला, जुनी एक्स-रे फिल्म एक नंबर. पॅरिसात ब्लेक ले रा या ग्राफिटी कलाकारानं 1981 पासून स्टेन्सिलनंच उंदीर उमटवले, पुढं इंग्लंडच्या बँक्सी या कलाकारानं तीच वाट धरली. पण विषय आपला घ्या की! पैठणीचा मोर, हिमरूची वेलबुट्टी भिंतीवर काय उठून दिसते.

उन्हाळ्यात सकाळीच आटपा, तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो. स्प्रे कॅन चांगला हलवा, वीतभर अंतर ठेवा, हात थांबवू नका नाहीतर ओघळ येतात, अन मास्क कापडी नको, वाफ अडवणारा कार्बन फिल्टरवाला घ्या.