बकस्किन गल्चच्या घळीत गटाने एक दिवस

अमेरिकेच्या युटा राज्यातील बकस्किन गल्च ही अरुंद घळ एरवी बरीचशी कोरडी असते. तरीही तिला येऊन मिळणाऱ्या वायर पास या छोट्या घळीतून आत शिरण्यापूर्वी केवळ डोक्यावरचे आभाळ न पाहता वरच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवामान अंदाज तपासावा, कारण दूरवर कोसळलेल्या पावसाचा लोंढा इथे लख्ख उन्हातही येतो आणि उभ्या भिंतींमुळे वर चढायला जागा मिळत नाही. दोन्ही भिंतींमध्ये उंचावर अडकलेले ओंडके सर्वांना आवर्जून दाखवावेत. ते पुराच्या पाण्यानेच तिथवर नेलेले असतात. ॲरिझोनातील अँटेलोप घळीत ऑगस्ट १९९७ मध्ये अशाच लोंढ्याने ११ जणांचा बळी घेतला. जुलै ते सप्टेंबर हा काळ गटाने टाळावाच, असे माझे ठाम मत आहे.

परवाना आधीच काढावा. प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर घ्यावे. वायर पासमधील उंच टप्प्यावर अनुभवी व्यक्तीने प्रथम उतरावे, पाठपिशव्या हातोहात खाली घ्याव्यात आणि मगच इतरांना एकेक करून पाय कुठे टेकवायचा ते सांगत उतरवावे. वायर पास आणि बकस्किन गल्चच्या संगमापाशी खडकात कोरलेली रानमेंढ्यांची प्राचीन चित्रे आहेत. त्यांना हात लावू नये. अर्धे पाणी संपण्यापूर्वीच परत फिरावे.