राणीच्या बागेत जायचंय? मग आधी तोंडली आणून ठेवा

मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईत फिरायला जायचं तर पहिला प्रश्न कुठे जायचं हा नसतोच, घरी परत आल्यावर जेवायला काय हा असतो. दिवसभर घामाने निथळून डोंबिवलीला उतरलं की ओट्याशी उभं राहायची कुणाचीच तयारी नसते, मग कुणीतरी हळूच मोबाइल काढतं, अर्ध्या तासात तेलकट नूडल्स नायतर पनीरचं काहीतरी दारात येतं आणि ते खाऊन पोरं रात्रभर पाणी पाणी करत बसतात. म्हणून माझी यादी उलटी चालते, आधी रात्रीचा मेनू ठरवायचा आणि मग बाकीचं सगळं त्याच्या मागून. ही यादी राणीच्या बागेची, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाची आहे, कारण सुट्टीत भाचरं आली की तिथली एक फेरी ठरलेलीच, पण थोडंफार इकडेतिकडे करून कुठेही चालेल.

वार आधी बघून घ्या. बुधवारी राणीची बाग बंद, आणि तिच्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयसुद्धा बुधवारीच बंद, त्यामुळे बुधवार डोक्यातून काढून टाका. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कमी, साधारण अकरा ते चारच्या आसपास, म्हणजे सकाळी लवकर पोचून चारनंतर निघालात तर निभतं खरं, पण सुट्टीतल्या रविवारी त्या बागेत माणसंच माणसं, प्राणी कमी दिसतात आणि डोकी जास्त. मला विचाराल तर शनिवार. ज्यांना शनिवारी ऑफिस आहे त्यांना घरी ठेवा, बरंच आहे, संध्याकाळी आल्यावर कुकर लावायला कुणीतरी ताजंतवानं माणूस हवंच.

आता भाजी. शुक्रवारी संध्याकाळी बाजारात जाल तेव्हा पालेभाज्यांच्या नादी लागू नका, मेमध्ये मेथी पालक महाग पण असतात आणि घरी आणेपर्यंत मान टाकतात, फ्रीजमध्ये ठेवून शनिवारी रात्री काढल्या तर अर्ध्या फेकायच्याच. उन्हाळ्यात वेलाच्या भाज्या घ्याव्यात, दुधी, दोडका, पडवळ, घोसाळी, काकडी, तोंडली, एकतर पाणीदार असतात, पोटाला हलक्या आणि शिजायलाही वेळ लागत नाही. माझा ठरलेला मेनू म्हणजे तोंडलीभात, खमंग काकडी आणि ताक. त्यासाठी पाव किलो तोंडली, कोवळी हिरवी बघून घ्या, आतून लाल निघाली की आंबूस लागतात. दोन मोठ्या काकड्या, कोथिंबीर, मिरच्या, लिंबं, नारळ घरात असेलच. अर्धा किलोचा एक कोवळा दुधीपण घेऊन ठेवा, तो का ते पुढे सांगते.

शुक्रवारी रात्री टीव्ही बघता बघता तोंडली धुऊन, कोरडी करून उभी चिरून डब्यात घालून फ्रीजमध्ये. ही भाजी चिरून ठेवली तरी काळी पडत नाही म्हणून तर ती माझी लाडकी. दुधी मात्र आख्खाच ठेवा, चिरला की काळवंडतो. काकडीही आख्खी, पण बोटभर तुकडा कापून चाखून बघा, आणि दुधीचंही तेच. हे मी सगळ्यांना सांगून सांगून दमले, दुधी, दोडका, काकडी यातलं काहीही कडू लागलं तर सरळ फेकून द्यायचं, साखर घालून, गूळ घालून सारवायचं नाही. तो कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही, आणि त्याने जोरात उलट्या जुलाब होतात. कडू दुधीचा रस औषध म्हणून पिणारे लोक आहेत अजून, त्यांना तर हात जोडून सांगा.

त्याच रात्री नारळ खवून फ्रीझरमध्ये, दाण्याचं कूट डब्यात आहे का बघा, नसेल तर मूठभर दाणे भाजून मिक्सरला फिरवून ठेवा, दही विरजायला लावा ताकासाठी आणि सकाळच्या डब्यासाठी. कैरीचं पन्हं करायचं असेल तर दोन कैऱ्या कुकरला उकडून गर काढून त्यात गराच्या दीडपट गूळ, वेलची, चिमूटभर मीठ असं घट्ट करून ठेवलं की आल्याबरोबर गार पाणी ओतून तयार. हे पन्हं असलं की पोरं घरात शिरल्याशिरल्या भूक भूक करत नाहीत आणि तुम्हाला पाऊण तास मिळतो, ही यातली खरी गोम.

पाण्याच्या बाटल्या, माणशी एक लिटरची, अर्ध्या भरून रात्री फ्रीझरमध्ये आडव्या ठेवा आणि सकाळी वरून पाणी भरा, दुपारपर्यंत गार राहतं. पूर्ण भरून ठेवू नका, बर्फ झाला की बाटली फुगते. ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत हवीतच, पण पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं लिहिलंय ना ते वाचून घ्या, फळांच्या चवीची गोड पेयं वेगळी. पाकीट किती पाण्यात ढवळायचं तेही त्याच्यावरच लिहिलेलं असतं, मोठं असेल तर एक लिटर, उगाच अर्ध्या ग्लासात ओतू नका. पाकीट नसेल तर घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आमटीचा नाही. मुंबईचं तापमान तेहतीस चौतीसच दिसतं म्हणून नागपूरचे पाहुणे हसतात आपल्याला, पण इथे घाम वाळतच नाही. म्हणूनच हवामान खातं किनारपट्टीला सदतीस डिग्रीपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करायला लागतं, आत सपाटीवर तोच आकडा चाळीस आहे. आदल्या रात्री अंदाज बघा आणि सदतीसच्या आसपास सांगितलं असेल तर मुकाट्याने बेत पुढे ढकला, बाग कुठे पळून जात नाही.

डबा म्हणाल तर दहीभात. सकाळी गरम भात मऊ करून गार होऊ द्यायचा, त्यात दूध जास्त आणि दही अगदी चमचाभर घालायचं, दुपारपर्यंत डब्यात आपोआप लागतं आणि आंबट होत नाही. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या नायतर ठेपले, लोणच्याची फोड. उकडलेला बटाटा आणि ओलं खोबरं घातलेलं काहीही मे महिन्यात डब्यात नको, चार तासांत वास मारतं. सासूबाई नेहमी बटाट्याच्या भाजीचा आग्रह करतात, त्यांना म्हणायचं आई आपण ती रविवारी पुरीबरोबर करू. रुमाल, टोपी, ओला नॅपकिन, एक जादा टीशर्ट, रिकामी कापडी पिशवी कचऱ्यासाठी, बस. छत्री एकच आणि ती आजींसाठी. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच राहू द्या.

सकाळी निघायच्या आधी शेवटचं काम म्हणजे तांदूळ दोन वाट्या मोजून डब्यात, गोडा मसाला, काजू, फोडणीचा डबा हे सगळं ओट्यावर समोर काढून ठेवायचं. दमून आल्यावर कपाटं उघडायचाच कंटाळा येतो, स्वयंपाकाचा त्या मानाने कमी येतो. ताक घुसळून फ्रीजमध्ये.

गाडी आठच्या आसपासची पकडा, फास्ट भायखळ्याला थांबते, तासाभरात उतरता. तिकीट मोबाइलवर रिटर्नच काढा, पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटं, टॅक्सीवाल्यांकडे बघू नका. बाग साडेनऊला उघडते, सरळ आधी पेंग्विन. एसी हॉल आहे म्हणून दुपारसाठी राखून ठेवायचा मोह होतो पण दुपारी रांग उन्हात येते. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, इथे २०१६ मध्ये सोलहून आणले, म्हणजे बर्फातले नव्हेत, हे भाच्याला आधीच सांगून ठेवा नायतर बर्फ कुठेय म्हणून रडतो. मग वाघ, बिबटे, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, अकरा वाजेपर्यंत जेवढं होईल तेवढं, त्यानंतर वाघसुद्धा सावलीत पाय पसरून झोपलेला असतो आणि त्याचं बरोबरच आहे. प्राण्यांना काही खायला घालायचं नाही, हे गाडीतच बजावून ठेवा. झाडांकडेही बघा जरा, गोरखचिंचेच्या बुंध्याला सगळ्यांनी हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करायचा, फुकटातला खेळ आहे.

अकरानंतर भाऊ दाजी लाड संग्रहालय, सावली आणि पंखे, बसायला जागा. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, त्यासाठी पैसे जमवण्यात पुढे असलेल्या डॉक्टर भाऊ दाजी लाडांचं नाव त्याला १९७५ मध्ये दिलं. आत मातीच्या छोट्या छोट्या प्रतिकृती आहेत, जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, पगड्या, मुलं तिथे चक्क गप्प उभी राहतात. बाहेर दगडी हत्ती आहे, तो घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला, मग तुकडे इथे आणले आणि पुढे १९१४ मध्ये परत जोडले. जोड शोधा म्हणून मुलांना कामाला लावा. काळा घोडा नावाच्या भागातला मूळ काळा घोडा, वर सातवा एडवर्ड बसलेला, तोही १९६५ पासून याच बागेत येऊन राहिलाय. डबा साडेबाराला झाडाखाली.

साडेतीनला निघायचं, हे यादीतलं सगळ्यात मोठ्या अक्षरात. चौपाटी, भेळ, अजून एक राउंड, सगळ्याला नाही म्हणा. पाचनंतर डाउन, म्हणजे कल्याणकडच्या गाड्यांना जी गर्दी सुरू होते, शनिवारी कमी असली तरी दोन मुलं, आजी आणि बॅगा घेऊन ती सोसवत नाही. भायखळा स्टेशनजवळ भाजी स्वस्त दिसते, मोह झाला तर पाव किलो गवार घ्या, लेडीज डब्यात बसायला मिळालं तर डोंबिवली येईपर्यंत निवडून होते, शेजारची बाईपण मूठभर ओढून घेते निवडायला, न विचारता.

घरी पोचलात की आंघोळी, पन्हं. कुकरमध्ये दोन तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, काजू, तोंडली दोन मिनिटं परतायची, धुतलेले तांदूळ घालून पुन्हा परतायचे, गोडा मसाला दोन चमचे, तिखट, मीठ, गुळाचा खडा, चार वाट्यांना जरा कमी गरम पाणी, दोन शिट्ट्या. कोलम तांदूळ बरा, आंबेमोहोर लगदा होतो. कुकर पडेपर्यंत काकडी चोचवून त्यात कूट, खोबरं, मिरची, साखर, लिंबू, वरून तुपाजिऱ्याची फोडणी, मीठ मात्र पानं घेताना, आधी घातलं तर सगळं पाणी सुटतं. अर्ध्या तासाच्या वर जात नाही यात काहीच.

आणि तो दुधी एवढ्यासाठी, की परतीला गाडी लेट झाली किंवा कुणाचं पोट बिघडलं तर भातसुद्धा जड होतो. मग मूठभर मूगडाळ पंधरा मिनिटं भिजवायची, दुधीच्या फोडी, जिऱ्याची फोडणी, आलं, झाकण ठेवून वाफेवर शिजवायचं, आणि पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. विकतच्या पोळ्या आणि घरची भाजी यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही, मेमध्ये गॅससमोर उभं राहून भाकऱ्या बडवणाऱ्यांना माझा नमस्कार. केंद्र साडेआठला बंद होतं आमच्याकडे, तुमच्याकडचं विचारून ठेवा आणि गाडीत बसल्या बसल्या फोन करून दहा पोळ्या सांगून ठेवा.