पंचायतीच्या दारातल्या तीन पायऱ्या: सीमाभागातल्या गावांनी दिव्यांगांसाठी एकत्र कसं यावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात एक मावशी तीनचाकी सायकलवरून पंचायतीच्या दारापर्यंत येतात आणि तिथंच थांबतात. पुढं तीन पायऱ्या आहेत. काम मावशींचं, पण कागद घेऊन आत जातो पुतण्या. आत काय बोलणं झालं, कुठला कागद कमी पडला, हे त्यांना पुतण्या सांगेल तेवढंच कळतं. मी हे कितीदा तरी पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो.

दिव्यांगजन हक्क कायदा 2016 सालचा. त्याचे नियम 2017 च्या जूनमध्ये निघाले आणि जुन्या सरकारी इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती. तीही 2022 मध्ये संपली. एकट्यादुकट्याच्या अर्जानं या पायऱ्या हलत नाहीत. शेजारची पाच-सहा गावं मिळून मागायला लागली की दखल घ्यावी लागते. ते कसं जमवायचं, ते सांगते.

आधी घरोघरी जा

यादीपासून सुरुवात करा. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता. यांतले बरेचजण स्वतः दिव्यांग असतात, मानधन तुटपुंजं आणि फिरणं भरपूर. त्यांना जाब विचारायला जाऊ नका, सोबत घेऊन फिरा.

कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. गावात मात्र लंगडणारा आणि न दिसणारा एवढेच मोजले जातात. मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, शाळेत अक्षरंच न लागणारं मूल, हे सगळे राहून जातात. प्रत्येक घरी तीन प्रश्न विचारा: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे का, पेन्शन चालू आहे का, आणि घराबाहेर पडताना नेमकं कुठं अडतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या माणसाच्याच तोंडून घ्या, घरच्यांच्या नको. ही यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची नाही. कुणाचा आजार काय, हे चव्हाट्यावर यायचं कारण नाही.

कार्डासाठी एकच गाडी

यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, पेन्शन मात्र ज्या त्या राज्याची. आपल्याकडे रोटीबेटीचे व्यवहार सीमेपलीकडे. चंदगडची लेक हुक्केरीत सून म्हणून येते तेव्हा कार्डावरचा पत्ता बदलून घ्यायला विसरू नका. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तरच बहुतेक योजना लागू होतात, म्हणून तपासणीचे जुने कागदही जपून ठेवा. मिरज-कोल्हापूरच्या दवाखान्यातले असले तरी.

कणकुंबीकडच्या माणसाला तपासणीसाठी बेळगावला यायचं म्हणजे दिवस मोडतो, सोबत येणाऱ्याचाही. चार गावांनी मिळून एक गाडी ठरवा, किंवा यादी जोडून तालुक्याच्या दवाखान्यातच शिबिर मागा. दहा नावं असली की अर्जाला वजन येतं.

बैठकीत कोण बसणार

निम्म्याहून जास्त माणसं स्वतः दिव्यांग हवीत. मतिमंद मुलाची आई हवी. कर्णबधिर कुणी असेल तर खुणांची भाषा जाणणारा माणूस हवा. आणि बैठकीची जागा बिनपायऱ्यांची, एवढं तरी आपल्या हातात आहे.

प्रत्येक गावातून कन्नड नीट लिहिता-वाचता येणारं एक कॉलेजचं पोरगं किंवा पोरगी घ्या. फॉर्म कन्नडमध्ये असतात. आपल्या मराठी बातम्यांत ‘दिव्यांग’ असतं, इथल्या फलकांवर ‘विकलचेतन’ किंवा ‘विशेषचेतन’. शब्द ओळखता आला नाही म्हणून योग्य खिडकीवरून माघारी आलेली माणसं मला माहीत आहेत.

सीमेपलीकडची मदतही घ्या. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभं केलेलं ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’चं काम 1984 पासून आहे; व्हीलचेअरवरच्या माणसानं कुणाच्या आधाराशिवाय दिवस कसा काढायचा, हे तिथं जाऊन बघण्यासारखं आहे. आणि भाषेची अडचण कुणी काढलीच तर ब्रेलची गोष्ट सांगा. भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांचे ठिपके एकच असतात. मराठी ब्रेल वाचणारं पोर कन्नड ब्रेलवर बोट फिरवून उच्चार करू शकतं. डोळसांच्या दोन लिप्या आहेत, अंधांच्या बोटांखाली एकच आहे.

टेप घेऊन मोजा

रॅम्प मागताना माप लिहून द्या, नाहीतर मोटरसायकल चढवायचा उतार बांधून मिळतो. एका कार्यालयाचा असाच रॅम्प मी पाहिला: दोघांनी मागून रेटल्याशिवाय खुर्ची चढत नव्हती आणि उतरताना ती हातातून निसटली.

हिशेब सोपा आहे. जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी. पायरी 15 सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्यांची उंची 45 सेंटिमीटर, म्हणजे रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. दारात तेवढी जागा नसेल तर भिंतीला लागून वळवून घ्या. वर आणि खाली खुर्ची वळेल अशी सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, दरवाजा 90 सेंटिमीटर मोकळा. आणि चकचकीत टाईल अजिबात नको. खानापूरच्या पावसात ती शेवाळते; खरबरीत कोबाच हवा.

पैसे आणि ठराव

पंचायतीच्या स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात. ते कुठं खर्च झाले, हे विकलचेतनांच्या समन्वय ग्रामसभेत विचारा. पुष्कळदा 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या सत्कारावरच काम भागवलं जातं. शाल द्यावी, पण रॅम्प आधी.

अर्ज पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत, फोटो आणि मापं. पोच घेतल्याशिवाय उठू नका. सगळ्या गावांचे अर्ज एकाच आठवड्यात पडू द्यात. उत्तर नाही आलं तर तालुका पंचायतीचे ईओ (कार्यकारी अधिकारी), मग जिल्हा पंचायतीचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), आणि शेवटी बंगळूरचे राज्य दिव्यांग आयुक्त; साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार त्यांना आहेत. सुप्रीम कोर्टानं 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सांगितलंय की सुगमतेचे किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

रॅम्प झाला की ठेकेदाराचं बिल निघण्याआधी मावशींना बोलवा. त्या एकट्यानं चढून, आत जाऊन, वळून खाली आल्या तरच काम पूर्ण झाल्याची सही होऊ द्या.