बॉक्स्टरची पुढची डिकी उघडत नसेल तर

दीड महिना सांगलीला राहून जानेवारीत न्यू जर्सीत एडिसनला परतले, तर गॅरेजमधली गाडी ठार मेलेली. २००२ ची पोर्शे बॉक्स्टर. रिमोट दाबला, ढिम्म. चूक सर्वस्वी माझी; निघायच्या गडबडीत बॅटरीला चार्जर लावायचा राहिला होता. चार्जर कुठे, तर पुढच्या डिकीत. जंपर केबलही तिथेच. आणि बॅटरीसुद्धा तिथेच.

या गाडीचं इंजिन सीटांच्या पाठीमागे बसतं, म्हणून डिक्या दोन. एरवी जिथे बॉनेट असतं तिथे पुढची डिकी, आणि तिच्यात काचेच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली बॅटरी. २००१ च्या मॉडेलपासून या डिक्या ड्रायव्हरच्या सीटशेजारच्या बटणांनी, विजेवर उघडतात. (त्याआधीच्या गाड्यांना केबलचे खटके आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.) बॅटरी उतरली की बटण चालत नाही आणि बटण चाललं नाही तर बॅटरीला हात लागत नाही. अशा वेळी फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो. नका करू. पत्रा वाकतो, रंग उडतो आणि कुलूप जागचं हलत नाही.

आधी दार उघडायचं, रिमोटच्याच किल्लीने. कुलपात वर्षानुवर्षं किल्ली गेलेली नसते, त्यामुळे ते घट्ट लागतं. जोर लावू नका. थोडी ग्रॅफाइटची पूड फुंकून किल्ली चार-सहा वेळा आत-बाहेर करा, मग फिरवा. दार ओढताना जपून. एरवी हँडल ओढल्यावर काच बोटभर खाली सरकते आणि टपाच्या रबरातून सुटते. वीज नसेल तर ती सरकत नाही. दार हळूच बाहेर घेत काच रबरातून सोडवायची, आणि काम संपेपर्यंत दार पुन्हा लावायचं नाही.

ड्रायव्हरच्या पायापाशी, बाहेरच्या बाजूला फ्यूज बॉक्स आहे. त्याचं झाकण ओढून काढा. फ्यूजांमध्ये एक लाल टर्मिनल दिसेल, ते चिमट्याने पुढे ओढून घ्यायचं. पोर्शेने ते नेमकं या प्रसंगासाठीच दिलं आहे. दुसऱ्या बारा व्होल्ट बॅटरीच्या प्लसची लाल केबल या टर्मिनलला. काळी केबल मायनसवरून दाराच्या चौकटीवरच्या त्या लोखंडी कडीला, जिच्यात दाराचं कुलूप अडकतं. रंगावर केबलचा चिमटा बसत नाही, उघडं लोखंड शोधा.

काळा चिमटा टेकला आणि आमचा हॉर्न असा काही बोंबलला की समोरच्या घरातला दिवा लागला. दचकून चिमटा सोडू नका. तो अलार्म आहे, रिमोटचं अनलॉक दाबलं की गप्प होतो. आता सीटशेजारचं बटण दाबा. समोरून ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे.

केबल शेजारच्या काकांनी दिली, गाडीही त्यांचीच. त्यांचं इंजिन बंदच ठेवलं. या टर्मिनलची वायर बारीक आहे. डिकीचं कुलूप सोडण्यापुरती वीज तिच्यातून जाते, गाडी सुरू करण्याइतकी नाही. इथून स्टार्टर मारायचा प्रयत्न केलात तर फ्यूज तरी जाईल नाहीतर वायर तरी. काकांकडे जाण्याआधी मी खिशात मावणारा लिथियमचा जंप स्टार्टर (बंद गाडी सुरू करायची छोटी बॅटरी) लावून पंधरा मिनिटं घालवली होती. त्यातले बरेचसे समोर पार उतरलेली बॅटरी असली की वीजच सोडत नाहीत. तुमच्याकडच्याला ‘बूस्ट’चं बटण असेल तर ते दाबून पाहा, पण मग प्लस-मायनस तुमचं तुम्हालाच सांभाळायचं असतं.

‘टक्’ होऊनही डिकी वर आली नाही, तर अडचण कुलपाच्या खटक्यात आहे. माझं तेच झालं. जुनं ग्रीस आणि धूळ मिळून काकवीसारखा राप बसला होता. एकाने बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने डिकीच्या पुढच्या काठावर मधोमध तळहाताने खाली दाबून सोडायचं. बोटांनी दाबलंत तर पत्र्याला खळगा पडतो. नवरा बटणावर, मी पत्र्यावर. तिसऱ्या खेपेला उघडली.

उघडल्यावर पहिलं काम केबल काढणं, दुसरं चार्जर लावणं. नवी बॅटरी बसवणार असाल तर जुनीचा मायनस आधी सोडा, आणि तोवर डिकीचं झाकण चुकूनही खाली पडू देऊ नका. पडलं की पुन्हा काकांचं दार वाजवा.

खटका जुन्या टूथब्रशने आणि क्लीनर स्प्रेने घासून कोरडा पुसला, मग पांढरं लिथियम ग्रीस लावलं. नुसता डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होऊ नका, तो थोड्या दिवसांत उडून जातो. झाकण लावण्याआधी एक चाचणी जरूर करा: झाकण वरच असताना स्क्रूड्रायव्हरने खटका दाबून बंद करायचा आणि बटण दाबायचं. पाच वेळा बिनतक्रार सुटला, तरच झाकण लावायचं.

शेवटी रेडिओ कोड मागेल. त्याचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात असतं. या मॉडेलला ग्लोव्ह बॉक्स नाही, त्यामुळे आमचं पाकीट इतके दिवस कुठे होतं ते सांगायला नको.